न झालेल्या घराचा खर्च

पुष्कळ वर्षं झाली या गोष्टीला. लहानांनो, आणि लहानांच्या मागे भिंतीला टेकून बसलेल्या मोठ्यांनो, इतकी वर्षं झाली की तेव्हा राज्य कोणत्या राजाचं होतं हे आता कुणालाच सांगता येत नाही. पण ज्या गावात ती घडली तिथली माणसं तुमच्याआमच्यासारखीच होती.

गाव नदीकाठी होतं. नदीच्या अगदी लगत, उतारावरच्या एका झोपडीत सटवाजी नावाचा बुरूड आणि त्याची बायको हौसा राहत. दोघं मिळून बांबूच्या कामट्या काढत आणि सुपं, टोपल्या, रोवळ्या विणत. हाताला कसब होतं. गिऱ्हाईकही होतं. वाईट होती ती फक्त जागा. दर पावसाळ्यात नदी झोपडीत शिरे, कधी घोटाभर, तर कधी कमरेपर्यंत. साठवलेला बांबू कुजे, विणलेला माल वाहून जाई, आणि दोघं देवळाच्या ओवरीत बिऱ्हाड मांडून पाणी ओसरायची वाट बघत बसत.

लग्नाला दहा वर्षं झाल्यावर हौसेला दिवस राहिले. तिनं नवऱ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी मात्र ती म्हणाली, "श्रावणात बाळ येईल. मला ओवरीत बाळंत व्हायचं नाही."

सटवाजीनं मान डोलावली आणि दुसऱ्या दिवसापासून तो घर शोधायला लागला.

वरच्या आळीत, जिथं नदी कधीच पोचत नाही, तिथं एक लहान घर विकायचं होतं. पुढं ओसरी, आत दोन खोल्या, मागं शेवग्याचं झाड. घर गिरजाबाईंचं होतं. त्यांचे यजमान वारून तीन वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. "भिंतींशी किती बोलायचं?" असं म्हणून त्या भावाच्या गावी राहायला निघाल्या होत्या. किंमत ठरली एकशेवीस रुपये. सटवाजी आणि हौसेनं दहा वर्षांत साठवले होते तेही जवळजवळ तेवढेच. सटवाजीनं दहा रुपये विसार दिला. गिरजाबाईंनी देवापुढं उभं राहून शब्द दिला.

पण त्या राज्यात नुसत्या शब्दानं घर विकलं जात नसे. आधी चावडीतल्या जुन्या कागदांत बघायचं, की घर खरोखर कुणाकुणाचं आहे. मग मोजणीदारानं जागा मोजायची. मग पंधरा दिवस दवंडी पिटायची, की कुणाची हरकत असेल तर त्यानं पुढं यावं. आणि सगळं निर्वेध पार पडलं की खरेदीखत लिहून त्यावर शिक्का उठायचा. हा सारा खर्च घेणाऱ्याचा.

कागदपत्रांचं काम विसाजीपंत नावाचे म्हातारे लेखनिक बघत. त्यांनी सटवाजीला समोर बसवून सांगितलं, "एकंदर तीस रुपये होतील. निम्मे आधी दे. आणि एक ऐकून ठेव. आम्ही केलेल्या कामाचे पैसे द्यावेच लागतात. मग घर तुला मिळो, न मिळो."

"न मिळायला काय झालं, पंत?" सटवाजी हसून म्हणाला. "गिरजाबाईंनी शब्द दिलाय."

तीस रुपयांचा विचार त्यानं केलाच नव्हता. घरी येऊन त्यानं ते सांगितलं, तेव्हा हौसेनं माहेरहून आलेले चांदीचे तोडे पायातून काढले आणि त्याच्या हातात ठेवले. "जड झाले होते," ती म्हणाली. "पाय सुजलेत हल्ली." तोडे विकून सटवाजीनं पंधरा रुपये भरले.

विसाजीपंत कामाला चोख होते. दुसरा कुणी असता तर वरवरची दोन पानं चाळून मोकळा झाला असता. पंतांनी तीन पिढ्यांचे कागद काढले, धूळ झटकली, वाळवीनं खाल्लेले कोपरे जपून उलगडले. आणि तिथं त्यांना एक नाव सापडलं. गिरजाबाईंच्या सासऱ्यानं मरण्यापूर्वी घर मुलगा आणि मुलगी, दोघांच्या नावे लिहून ठेवलं होतं. मुलीचं नाव मथुरा.

पंतांनी गिरजाबाईंना बोलावून विचारलं. गिरजाबाईंनी नाव ऐकलं आणि पदराचं टोक मुठीत धरलं.

"वन्सं गेल्या त्याला पस्तीस वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "मामंजींच्या तेराव्याला आमचं भांडण झालं. कशावरून, तेही आता आठवत नाही. मी म्हणाले, तुमच्यावाचून या घराचं काही अडत नाही. त्या उठल्या आणि नेसत्या लुगड्यानं निघून गेल्या. यांनी दोन वर्षं शोधलं. असत्या तर आल्या असत्या."

"असतील किंवा नसतील," पंत म्हणाले. "पण कागदावर नाव आहे. दवंडी नुसत्या आपल्या गावात पिटून चालायची नाही. आजूबाजूच्या सगळ्या बाजारगावांत पिटायला हवी."

तशी ती पिटली गेली. सटवाजी रोज एक काडी झोपडीच्या कुडात खोचून दिवस मोजत होता. तेरा काड्या झाल्या.

तेराव्या दिवशी दुपारी एक म्हातारी बाई हातात गाठोडं घेऊन वरच्या आळीत आली. तीन दिवसांच्या वाटेवर, एका यात्रेच्या गावातल्या धर्मशाळेत ती स्वयंपाकाचं काम करत होती. बाजारात मिरच्या घेताना तिनं दवंडी ऐकली होती. दवंडीत स्वतःचं नाव ऐकून तिच्या हातातली परडी पडली होती.

ती गिरजाबाईंच्या दारात उभी राहिली. "वहिनी, मी हरकत घ्यायला नाही आले," ती म्हणाली. "विकायचं तर खुशाल विका. जायच्या आधी एकदा बघावं म्हणून आले. आत येऊ का?"

गिरजाबाईंनी तिच्या हातातलं गाठोडं घेतलं आणि आत नेऊन ठेवलं.

दोन दिवस दोघी बोलत होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी गिरजाबाई उतार उतरून सटवाजीच्या झोपडीपाशी आल्या. त्यांनी विसाराचे दहा रुपये त्याच्यापुढं ठेवले.

"सटवाजी, मला घर विकवत नाही रे आता," त्या म्हणाल्या. "एकटी होते म्हणून विकत होते. आता एकटी नाही. मी शब्द दिला होता. तो मोडतेय. मला काय म्हणायचं ते म्हण."

हातातली कामटी सटवाजीनं इतकी वाकवली की ती तुटली. गिरजाबाई परत फिरल्या.

मग तो चावडीत गेला. पंतांनी त्याला नियम सांगितला. खरेदीखतावर शिक्का उठेपर्यंत विकणारा विसार परत देऊन मागं सरू शकतो. त्यात गुन्हा नाही. मात्र झालेल्या कामाचा खर्च, ज्यानं काम सांगितलं त्याचा.

"म्हणजे घर नाही, आणि खर्च मात्र माझा," सटवाजी म्हणाला. "अजून पंधरा रुपये."

"झाला तेवढा खर्च तुझाच," पंत म्हणाले. त्यांनाही ते बोलताना बरं वाटलं नाही.

चावडीबाहेर पिंपळाखाली एक अर्ज लिहून देणारा बसे. बोलणं त्याचं गोड होतं. सटवाजीचा चेहरा बघून त्यानं त्याला जवळ बोलावलं, सगळं ऐकून घेतलं आणि मांडीवर थाप मारली. "अरे, देवापुढं दिलेला शब्द मोडला. दावा लाव. तुझा सगळा खर्च त्या बायांकडून वसूल होईल, वर दंड होईल तो निराळा. मला फक्त वीस रुपये दे. दिवाळीपर्यंत निकाल तुझ्या बाजूनं लागला म्हणून समज."

सटवाजीच्या मनाला ते फार भावलं. पैसे मिळतील याहूनही, कुणीतरी आपल्या बाजूनं बोललं याचं त्याला बरं वाटलं. तो तरातरा घरी आला आणि साठवलेल्या पैशांचं मडकं पुढं ओढलं.

हौसा टोपलीचा काठ वळत होती. तिनं हात न थांबवता सगळं ऐकलं.

"दिवाळीपर्यंत म्हणाला का तो?" तिनं विचारलं. "श्रावण दिवाळीच्या आधी येतो."

"मग काय सोडून देऊ? तुझे तोडे गेले. उद्या या मडक्यातलेही जातील. आणि त्या दोघी घरात सुखानं बसतील."

हौसेनं टोपली खाली ठेवली. तोड्यांचं नाव निघाल्यावर तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज शांत होता. "दावा लावायचा तर लावा. मी आड येत नाही. पण आधी त्यांच्या तोंडावर सांगून या. ज्यांच्यावर दावा लावायचा त्यांना मागून कळायला नको."

हे सटवाजीला पटलं. तो तसाच उठला आणि चढ चढून वरच्या आळीत गेला.

ओसरीवर दोघी म्हाताऱ्या समोरासमोर बसून वाल सोलत होत्या. त्याला बघून गिरजाबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांना त्याच्याकडे बघवेना.

"मी दावा लावणार आहे," सटवाजी म्हणाला. "सांगायला आलो."

"लाव बाबा," गिरजाबाई म्हणाल्या. "तुझी फसवणूक झाली. मला काही बोलायला तोंड नाही."

मथुराबाई मात्र त्याच्याकडे निरखून बघत होत्या. "तूच का घर घेणारा?" त्यांनी विचारलं. "मग एक सांग. इतक्या वर्षांनी त्या लेखनिकाला माझं नाव सापडलं कसं? माझा भाऊ मला शोधून थकला. गावही मला विसरलं."

"कागदात होतं. जुने कागद काढले त्यांनी."

"पण काढले कशाला?"

"मी काढायला लावले," सटवाजी म्हणाला. "पैसे दिले त्याचे. दवंडीचेही दिले. सात गावांत पिटली."

मथुराबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"म्हणजे मला शोधायचे पैसे तू दिलेस," त्या हळूच म्हणाल्या.

सटवाजीनं हा विचार केलाच नव्हता. मथुराबाई उठल्या. त्यांनी आतून पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा आणून त्याच्यापुढं ठेवला. "ऊन आहे," एवढंच म्हणाल्या. त्यानं गूळ तोंडात टाकला, पाणी प्यायलं आणि मुकाट्यानं उतरून खाली आला.

"सांगितलंत?" हौसेनं विचारलं.

"सांगितलं. पण लावणार नाही."

आता इथं मी तुम्हाला असं सांगितलं असतं, की सटवाजीचं मन त्या क्षणी पाण्यासारखं निर्मळ झालं, तर ते खोटं झालं असतं. दोन दिवस तो कुणाशी धड बोलला नाही. बांबूवर कोयता जरा जोरातच पडत होता. दावा लावायचा नाही हे ठरलं होतं, पण राग काही सांगून जात नाही. तो हळूहळू, आपल्या पावलांनी जातो.

तिसऱ्या दिवशी तो विसाजीपंतांकडे गेला.

"पंत, काम तुम्ही केलंत. तुमचे पैसे बुडवायचे नाहीत मला," तो म्हणाला. "पण घरासाठी ठेवलेल्या पैशाला हात लावला तर पुन्हा कधी घर होणार नाही. काहीतरी वाट सांगा."

पंतांनी चष्मा नाकावर नीट बसवला. "तू तोंड चुकवत फिरला असतास, तर उद्या मी शिपाई पाठवणार होतो," ते म्हणाले. "आलास हे बरं केलंस. बस. काय झालं आणि काय झालं नाही, ते आधी बघू."

त्यांनी कागद काढला आणि एकेक बाब वाचली. कागद शोधणं झालं होतं. दवंडी झाली होती. मोजणीदारानं घर मोजलं होतं, पण मागचं परसू मोजायचं राहिलं होतं. खरेदीखत लिहिलंच गेलं नव्हतं, शिक्का उठला नव्हता. पंतांनी बोरू शाईत बुडवून त्या तीन बाबींवर रेघ मारली.

"जे काम झालं नाही त्याचे पैसे घ्यायचे नसतात. तू विचारलं असतंस तर त्याच दिवशी सांगितलं असतं. आता राहिले नऊ."

"नऊ," सटवाजी म्हणाला. त्याचा श्वास जरा मोकळा झाला.

"आणि त्या नवांचं असं," पंत मागच्या खोलीकडे हात करून म्हणाले, "आमचे कागद जमिनीवर गठ्ठे बांधून पडलेत. वाळवी खाते. त्यांना झाकणाचे पेटारे हवेत, घट्ट विणीचे. बारा पेटारे करून दे. रोख देऊ नकोस."

सटवाजीनं त्याच संध्याकाळी बांबू निवडायला घेतला. हौसा कामट्या तासून देई, तो विणे. पाच पेटारे झाले असतील नसतील, तोच एके सकाळी गिरजाबाई आणि मथुराबाई एकमेकींचा हात धरून उतार उतरताना दिसल्या. म्हाताऱ्या पायांना तो उतार सोपा नव्हता.

मथुराबाईंनी कनवटीची गाठ सोडली. धर्मशाळेत रांधून साठवलेले आठ रुपये त्यात होते.

"हे घे," त्या म्हणाल्या. "तुझ्या खर्चाच्या निम्म्याला थोडे कमी पडतील. तेवढेच आहेत."

"नियमानं तुमच्याकडे काही निघत नाही," सटवाजी म्हणाला आणि हात मागं घेतला. "पंतांना विचारा हवं तर."

"नियम पंतांना विचारावा," मथुराबाई म्हणाल्या. "हे मी माझ्या मनाला विचारलं."

तो तरी घेईना. तेव्हा हौसा जडपणानं उठली आणि पदर पसरून म्हणाली, "द्या आत्या. ते घेतले नाहीत तर तुमचा जीव टांगणीला राहील, आणि यांचा राग." मथुराबाईंनी पैसे तिच्या पदरात घातले. गिरजाबाई इतका वेळ हौसेच्या पोटाकडे बघत होत्या.

"कितवा?" त्यांनी विचारलं.

"सातवा सरला."

"मग पाऊस लागायच्या आत वर या," गिरजाबाई म्हणाल्या. "आम्ही दोघी एकाच खोलीत निजतो. रात्र रात्र गप्पा चालतात. दुसरी खोली रिकामीच आहे. घर विकत देता आलं नाही, पण पावसाळ्यापुरतं देता येईल. भाडं बिडं काही नको. वाटलं तर एक सूप विणून दे. माझं फाटलंय."

ज्या घरात मालक म्हणून शिरायचं, त्यात असं शिरायचं म्हणजे सटवाजीला जड गेलं. पण हौसेच्या चेहऱ्याकडे बघितल्यावर त्याच्यानं नाही म्हणवलं नाही.

मृगाच्या आधी त्यांनी बिऱ्हाड वर नेलं. बांबू परसात, शेवग्याखाली रचला. त्या वर्षी नदीला मोठा पूर आला आणि उतारावरची झोपडी कुडासकट वाहून गेली. श्रावणातल्या एका सकाळी त्या कोरड्या खोलीत हौसेला मुलगी झाली. सुईण होतीच, पण पाणी तापवायला एक म्हातारी आणि हौसेचं डोकं मांडीवर घ्यायला दुसरी होती. बारशाला नाव कुणी ठेवायचं यावरून दोघी म्हाताऱ्यांत पुन्हा एकदा भांडण झालं. या खेपेला मात्र कुणी घर सोडून गेलं नाही.

पावसाळा सरला, तरी दोघी म्हाताऱ्यांनी त्यांना वरच ठेवून घेतलं. पेटारे पुरे झाले. पंतांनी नऊ रुपये फिटल्याचं लिहून दिलं. तसे घट्ट पेटारे बघून इतर गावांच्या लेखनिकांनीही मागवले. दीड वर्षात सटवाजीनं त्याच आळीच्या टोकाला एका कुंभाराचं घर बघितलं.

या वेळी त्यानं दोन गोष्टी केल्या. मोजणी आणि दवंडी यांचे पैसे भरण्याआधी त्यानं पंतांना कागदावरची नावं तेवढी बघायला लावली. आणि विसार देताना तो कुंभाराला म्हणाला, "दादा, समजा हे मोडलं, तर तोवरचा खर्च दोघांनी निम्मा निम्मा सोसायचा. आत्ताच लिहून ठेवू."

"शुभकार्याच्या आधी मोडण्याची भाषा कशाला?" कुंभार नाराज होऊन म्हणाला.

"मोडल्यावर बोलायला बसलं, की भांडण होतं," सटवाजी म्हणाला. "आत्ता आपण दोघंही हसतोय, तेव्हा बोललेलं बरं."

कुंभारानं थोडा विचार केला आणि अंगठा उठवला. खरेदी मोडली नाही. खतावर शिक्का उठला, आणि हौसा मुलीला कडेवर घेऊन आपल्या घरात गेली. दोघी म्हाताऱ्या उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवायला आधीच येऊन थांबल्या होत्या.

त्या गावात मग घराचा सौदा करताना मोडल्याचा खर्च आधीच वाटून लिहायची रीत पडली. आणि पिंपळाखालच्या अर्जवाल्याचं गिऱ्हाईक हळूहळू कमी झालं.

तेव्हा मंडळी, एवढं ध्यानात ठेवा: बुडालेल्या पैशापायी माणसं बुडवू नयेत, पैसा पुन्हा मिळवता येतो.